जुने वस्तरे घ्यावेत का?

नदीकाठ: पुण्याच्या जुन्या बाजारात इंग्लंडमधल्या शेफील्डचा ‘वेड अँड बुचर’ वस्तरा मिळाला, ८०० रुपयांत. पात्यावर गंजाचे ठिपके आहेत. आजोबांचा वस्तरा घरात कुणी जपला नाही, म्हणून हा खाली ठेववेना. आणखी घेतले तर पुढे किंमत येईल का?

धोपटी: चौदा वर्षांत बावीस जमवलेत. पैशासाठी घेऊ नका, विकायला गेलं की गिऱ्हाईक मिळत नाही. ठिपके पात्याच्या मधोमध असतील तर चालतं. धारेलगत असतील तर धार लावायच्या दगडावर घासताना धार तुटत राहते. केसाएवढी चीर दिसली तर फुकटसुद्धा नको. पात्याची पाठ घासून सपाट झालीय का तेही बघा. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची असेल तर वेगळी ठेवा. ते कुजायला लागलं की आम्लाची वाफ सुटते. माझे जर्मनीतल्या झोलिंगेनचे दोन वस्तरे एकाच डब्यात असे गंजून गेले, अजून हळहळ वाटते. आणि हस्तिदंती मूठ नकोच, आपल्याकडे तो व्यापार बंद आहे.

नदीकाठ: पात्याच्या शेपटीवर ‘इंग्लंड’ कोरलंय. किती जुना असेल?

धोपटी: मग बहुधा १८९१ नंतरचा. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, तेव्हापासून हे सर्रास दिसतं.

सकाळची_दाढी: वापरणार असाल तर आधी नीट निर्जंतुक करा, दाढीनंतर कोरडा पुसून तेलाचा हात द्या. पावसाळ्यात रोज.

नदीकाठ: वापरणारच. उद्या धार परजायला चामड्याचा पट्टा आणतो.