मदत हवी आहे: हेडलाइट घासून झाल्यावर वरून कोट कोणता द्यावा?

गाडी २०१३ची हॅचबॅक, कायम उघड्यावर, उन्हात उभी. दोन्ही हेडलाइटच्या काचा (पॉलिकार्बोनेट प्लास्टिकच्या) पिवळट, धुरकट झाल्यात. रात्री खंबाटकी घाट उतरताना रस्ता नीट दिसत नाही, म्हणून घाई आहे. बल्ब नवे आहेत, आत ओलावा नाही, तडा नाही. खराबी फक्त बाहेरून आहे.

टूथपेस्टने दोनदा घासलं. चमक आली, पण महिन्याभरात पुन्हा तेच. मग डाव्या बाजूला पाणी मारत ८००, १५००, २००० असा पॉलिश पेपर फिरवला आणि रबिंग कंपाउंड लावलं. काच छान निघाली, फक्त वरच्या कडेला कंपनीच्या जुन्या कोटिंगचे पापुद्रे अजून चिकटून आहेत. कोटिंग गेल्यावर उघडं प्लास्टिक उन्हात लवकर पिवळं पडतं, म्हणून उजवी बाजू तशीच ठेवली आहे.

घरी साधं ड्रिल आहे, कॉम्प्रेसर नाही. नवीन हेडलाइट सध्या परवडणार नाहीत. टू-के क्लिअरच्या (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक कोट) वाफा घातक असतात हे माहीत आहे. मास्क घेईन, मोकळ्यावर मारेन.

तर उन्हातल्या यूव्ही किरणांपासून बचावासाठी टू-के क्लिअर स्प्रे मारू की पीपीएफ (गाडीवर चिकटवायची पारदर्शक संरक्षक) फिल्म लावू? पुण्याच्या उन्हात तुमच्याकडे काय जास्त टिकलं? आणि स्प्रेआधी ते पापुद्रे पूर्ण काढावेच लागतात का, शेवटचा पेपर किती नंबरचा ठेवायचा?