पालिकेने विनोद करावेत की झाकण बसवावं?

उपनगरी
आमच्या गल्लीत गटाराचं झाकण तुटून दीड महिना झाला. ट्विटरवर (एक्स म्हणायला जीभ वळत नाही) फोटो टाकून पालिकेला टॅग केलं. चार मिनिटांत उत्तर: 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे.' नवव्या दिवशी 'निराकरण झाले', सोबत कोऱ्या करकरीत झाकणाचा फोटो. झाकणामागे निळं शटर. आमच्या गल्लीत एकही दुकान नाही! त्याच संध्याकाळी त्याच हँडलवर क्रिकेटचं मीम, त्याला धो धो लाइक. माझं मत: सरकारी खात्यांनी इथे गप्पा मारू नयेत. तक्रार क्रमांक द्यावा, काम करावं आणि गप्प बसावं.

पाववडा
असहमत. मुंबई पोलीस डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर आले. त्याआधी पोलिसांशी आपणहून बोलायला कोण जायचं? कोट्या करायला लागले म्हणून लोक ऐकायला लागले. २०२० चा सिग्नलचा व्हिडिओ आठवा: हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. याचं परिपत्रक काढलं असतं तर वाचलं असतंत?

उपनगरी
व्हिडिओ मीही चारचौघांना पाठवला होता. हॉर्न कमी झाले का, तेवढं सांगा.

पंचगंगाकाठ
तुमचं सगळं मुंबईचंच चाललंय. आमच्याकडे कोल्हापुरात पावसाळ्यात उठल्या उठल्या फोनवर बघतात: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फूट? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, कुठले रस्ते बंद. प्रशासनाची चार ओळींची पोस्ट, त्यात कोटी नाही की इमोजी नाही. पण म्हशी कधी हलवायच्या ते तिच्यावर ठरतं. २०१९ च्या महापुरानंतर तर हे आकडे पोरासोरांनाही पाठ आहेत. आणि ती पोस्ट यायला उशीर झाला की 'धरण फुटलं' असले मेसेज फिरायला लागतात.
राईनपाडा विसरलात का? २०१८, धुळे जिल्हा. भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं, ते व्हॉट्सअॅपवरच्या अफवेपायी. त्यामुळे 'गप्प बसावं' हे काही पटत नाही.

पाववडा
+१. फक्त आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर अॅडमिनशिवाय कुणालाच बोलता येत नाही. सरपंचांचे वाढदिवस तेवढे वेळेवर कळतात.

टेबल नंबर तीन
मी एका पालिकेत आहे, कुठल्या ते विचारू नका. हँडल माझ्याकडे, तेही टेबलाचं काम सांभाळून. मीम बाहेरची एजन्सी बनवते, त्यावर माझ्यावर चिडू नका. लोक लिहितात 'स्टेशनजवळ खड्डा'. अहो, पूर्वेला की पश्चिमेला? मी कनिष्ठ अभियंत्याला पाठवते, तो कंत्राटदाराला. तिकडून फोटो आला की मी चिकटवते. जागेवर जाऊन बघायचं काम माझं नाही, आणि ज्याचं आहे तो हँडल उघडत नाही. बैठकीत साहेब विचारतात, 'प्रलंबित किती?' झाकण बसलं का, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

उपनगरी
तुमच्यावर राग नाहीच. पण मग चार मिनिटांत उत्तर कशाला देता? लोकसेवा हक्क कायदा आहे ना २०१५ चा, मुदत आणि दंडवाला?

दाखलेबहाद्दर
तो अधिसूचित सेवांना लागू, म्हणजे दाखले, परवाने वगैरे. तुमचं झाकण त्यात बसत नाही (कोटी अनवधानाने). रेल्वेचं बघा: ट्विट केलं की पीएनआर आणि मोबाइल नंबर मागतात, तक्रार रेलमदत या त्यांच्या तक्रार पोर्टलवर नोंदवतात, क्रमांक येतो. डबा लगेच स्वच्छ होतो असं नाही, पण भांडायला हातात काहीतरी असतं. ट्विटला नुसती वेळ असते, क्रमांक नसतो.

टेबल नंबर तीन
उपनगरी, निळ्या शटरचा फोटो आणि तारीख व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अभियंत्याला दाखवते. झाकण अजून उघडंच आहे का?

उपनगरी
केला व्यनि. उघडंच आहे. कुणी पडू नये म्हणून शेजाऱ्यांनी त्यात आंब्याची फांदी खोचलीय. तोही फोटो टाकला होता परवा.

पाववडा
मग?

उपनगरी
'आपली तक्रार उद्यान विभागाकडे पाठवली आहे.'