युरोपच्या सहलीसाठी रेल्वे पास घ्यावा की सुटी तिकिटे काढावीत?

जुळे सोलापूरकर

नमस्कार मंडळी.

येत्या मे महिन्यात मी, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि सहासष्ट वर्षांची आई असे चौघे युरोपला जाण्याच्या तयारीत आहोत. मुंबईहून पॅरिसला उतरायचे आणि रोमहून परतायचे, एवढे विमानाचे ठरले आहे. मधला सगळा प्रवास रेल्वेने करायचा आहे. पॅरिसमध्ये तीन रात्री, स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेनला चार, व्हेनिस आणि फ्लोरेन्सला दोन-दोन आणि शेवटी रोमला तीन रात्री असा आराखडा आहे. फ्लोरेन्सहून एक दिवस पिसा पाहून यावे, असेही मनात आहे.

येथील एका प्रवास कंपनीने सात दिवसांचा युरेल ग्लोबल पास, म्हणजे युरोपातील अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास, सुचवला आहे. पास काढला की कोणत्याही गाडीत बसा, असे त्यांचे म्हणणे आहे. मात्र आरक्षण वेगळे लागते का, असे विचारल्यावर ‘ते तिकडे गेल्यावर होऊन जाते’ एवढेच उत्तर मिळाले. आमचा रेल्वेचा अनुभव हुतात्मा, सिद्धेश्वर आणि अलीकडे वंदे भारत एवढाच असून, तिकीट आज काढले काय आणि पंधरा दिवसांनी काढले काय, भाडे तेच, याची आम्हाला सवय आहे. तिकडे तसे नसते असे ऐकले, त्यामुळे पास घेणे हिताचे की प्रत्येक टप्प्याचे तिकीट स्वतंत्र काढणे हिताचे, हे जाणकारांनी कृपया आकड्यांसह सांगावे.

होटगी रोड

आपल्या मार्गासाठी पास घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे सांगतो.

महिनाभरात कोणतेही सात दिवस वापरता येणारा दुसऱ्या वर्गाचा प्रौढ पास सुमारे ३८० युरोंना पडतो. साठ वर्षांवरील प्रवाशांना त्यात दहा टक्के सवलत आहे आणि चार ते अकरा वर्षांच्या मुलांना प्रौढासोबत विनामूल्य पास मिळतो. म्हणजे आपल्या कुटुंबाचे अकराशे युरो केवळ पासावर गेले. त्यानंतर आरक्षण येते, आणि फ्रान्स व इटलीतील वेगवान गाड्यांत ते सक्तीचे आहे. पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या टीजीव्ही लिरियात पासधारकाला एका आसनासाठी तीस युरोंच्या आसपास मोजावे लागतात, तर इटलीच्या फ्रेच्चारोसात तेरा युरो. मुलीचा पास विनामूल्य असला तरी तिच्या आसनाचे आरक्षण भरावेच लागते. शिवाय लिरियात पासधारकांसाठी राखलेल्या जागा मोजक्याच असतात. त्या संपल्या की गाडीत आसने रिकामी असूनही पासावर बसता येत नाही. ‘तिकडे गेल्यावर होऊन जाते’ या उत्तरावर विसंबून मे महिन्यात पॅरिसच्या स्थानकात चौघांनी उभे राहणे मला तरी धोक्याचे वाटते.

इटलीत तर पासाची गरजच उरत नाही. तेथे सरकारी ट्रेनइटालियाच्या जोडीला इटालो ही खासगी कंपनी २०१२ पासून वेगवान गाड्या चालवते. इटालोत युरेल पास चालत नाही, पण दोघांच्या स्पर्धेमुळे भाडी उतरली आहेत. व्हेनिस ते फ्लोरेन्स सव्वादोन तास आणि फ्लोरेन्स ते रोम दीड तास, ही दोन्ही तिकिटे महिना-दोन महिने आधी काढल्यास माणशी वीस ते तीस युरोंत मिळू शकतात. फ्लोरेन्स ते पिसा प्रादेशिक गाडीने जावे. तिचे भाडे आपल्या पॅसेंजरसारखे ठरलेले असते, आरक्षण नसते आणि तिकीट आयत्या वेळी काढले तरी चालते. तिकीट छापील असेल तर बसण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घ्यावा, अन्यथा तिकीट खिशात असूनही दंड भरावा लागतो.

निवृत्त गार्ड

होटगी रोड यांचे इटलीचे गणित मला मान्य आहे, परंतु त्यांनी स्वित्झर्लंड वगळूनच निकाल दिला आहे आणि या सहलीतला सर्वांत महागडा रेल्वेप्रवास नेमका तिथेच आहे.

आमच्यासारख्या रेल्वेत नोकरी केलेल्यांना आरक्षणाची भानगड लवकर उमगते. सुविधा पास हातात असला की भाडे माफ होते, पण बर्थ मिळेलच असे नाही. युरेलचेही तसेच समजा. मात्र स्वित्झर्लंड, जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथील देशांतर्गत गाड्यांत, काही पर्यटन गाड्या आणि रात्रीच्या गाड्या सोडल्या तर, आरक्षणाची सक्ती नाही. तिथे पास म्हणजे खरोखरच पास असतो.

माझा आग्रह असा की पासाची एकूण किंमत पाहू नये, वाढीव दिवसाची किंमत पाहावी. चार दिवसांचा युरेल पास सुमारे २८० युरो, पाच दिवसांचा ३२० आणि सात दिवसांचा ३८०. म्हणजे पहिले चार दिवस प्रत्येकी सत्तर युरोंना पडतात आणि त्यापुढचा प्रत्येक दिवस तीस-चाळीस युरोंना. आता फ्लोरेन्स ते रोम हे पंचवीस युरोंचे तिकीट वाचवण्यासाठी तीस युरोंचा दिवस खर्चायचा आणि वर तेरा युरो आरक्षणाचे भरायचे, हा सरळ आतबट्ट्याचा व्यवहार झाला. याउलट इंटरलाकेनहून लुत्सर्नला जाऊन येण्याचे पूर्ण भाडे साठ फ्रँकच्या पुढे जाते, आणि फ्रँक युरोपेक्षा थोडा महागच आहे. तिथे तोच दिवस निम्म्या किमतीत पडतो. सात दिवसांचा पास विकणाऱ्याने इटलीचे दोन दिवस तुमच्या गळ्यात मारले आहेत, एवढाच याचा अर्थ.

इटली बाजूला काढल्यावर दोन पर्याय उरतात. पहिला, पाच दिवसांचा युरेल: पॅरिस ते इंटरलाकेन, स्वित्झर्लंडमधील तीन दिवस आणि इंटरलाकेन ते व्हेनिस. चौघांचे पासाचे सुमारे ९२० युरो आणि लिरिया, इटलीत जाणारी युरोसिटी व मिलान ते व्हेनिस यांच्या आरक्षणाचे सव्वादोनशे-अडीचशे, असे साडेअकराशेच्या घरात जाते. दुसरा, चार दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास, जो माणशी सुमारे ३०० फ्रँकला पडतो. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना आई-वडिलांसोबत स्विस फॅमिली कार्डावर मोफत प्रवास आहे, म्हणजे मुलीचे काहीच लागत नाही. तीन पासांचे साडेनऊशे युरो आणि पॅरिस ते बाझल (स्वित्झर्लंडच्या सीमेवरचे शहर) व इंटरलाकेन ते व्हेनिस यांची आधी काढलेली तिकिटे चारेकशे युरो धरली, तर साडेतेराशे होतात. वरवर पाहता युरेल दोनशे युरोंनी स्वस्त.

मात्र हा फरक रिगी पर्वतावर फिटतो. स्विस ट्रॅव्हल पासावर बोटी, शहरातील बस-ट्राम, पाचशेहून अधिक संग्रहालये आणि रिगीची पर्वतीय रेल्वे हे सर्व समाविष्ट आहे, आणि रिगीचे एकट्याचे तिकीट सत्तर फ्रँकच्या पुढे आहे. लुत्सर्नहून बोटीने फिट्सनाऊला जावे आणि तिथून दातेरी रुळांच्या गाडीने वर चढावे. फिट्सनाऊची ही गाडी १८७१ साली सुरू झाली आणि ती युरोपातील पहिली पर्वतीय दातेरी रेल्वे. दोन रुळांच्या मधोमध तिसरी दातेरी पट्टी असते आणि इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकून गाडी वर सरकते. फलाटावर वाकून ती पट्टी मुलीला अवश्य दाखवा.

युंगफ्राउयोखचा हिशेब वेगळा आहे. ३४५४ मीटर उंचीवरच्या त्या स्थानकापर्यंत कोणताच पास पूर्ण चालत नाही. स्विस पासावर ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत मोफत आणि पुढे २५ टक्के सवलत मिळते, तर स्विस हाफ फेअर कार्डावर संपूर्ण मार्गाचे भाडे निम्मे होते. तेव्हा केवळ युंगफ्राउयोख आणि आणखी एखादीच फेरी करायची असेल, तर हाफ फेअर कार्डाचे गणितही मांडून पाहावे. रोज फिरायचे असेल तर पास सरस.

सात रस्ता

वरील चर्चेत पासाची बाजू जरा दुबळी मांडली गेली आहे, म्हणून लिहिते.

आम्ही सासू-सासरे आणि दोन मुलांसह म्युनिक, साल्झबुर्ग, व्हिएन्ना आणि झुरिक असा प्रवास युरेलवर केला. मुलांचे पास विनामूल्य, ज्येष्ठांना सवलत आणि आरक्षणाची सक्ती नाही, अशा परिस्थितीत पासाला तोड नाही. जर्मनीतील गाड्या वेळेवर धावतात हा आपल्याकडचा समज तिथे गेल्यावर फार टिकत नाही. स्वस्तातले तिकीट एकाच गाडीला बांधलेले असते, आणि उशीर बराच झाला तरच ते बंधन सुटते. पास असला की समोर जी गाडी येईल तिच्यात बसावे. सासऱ्यांना थकवा आला म्हणून आम्ही साल्झबुर्गहून निघणे दुपारवर ढकलले, तेव्हा एका पैशाचाही भुर्दंड पडला नाही. ही मोकळीक वरच्या हिशेबांत कुठेच दिसत नाही.

मूळ प्रश्नकर्त्यांचा मार्ग मात्र फ्रान्स-इटलीचा असल्याने त्यांना ही मोकळीक मिळणार नाही, हेही खरे.

पास घेतलाच तर एक लक्षात ठेवावे. तो हल्ली मोबाईलवर, रेल प्लॅनर या अ‍ॅपमध्ये असतो. गाडीत बसण्यापूर्वी त्या दिवसाची गाडी अ‍ॅपमध्ये नोंदवून तिच्यासमोरचे बटण सुरू करावे लागते, तेव्हाच तपासनीसाला दाखवण्याचा क्यूआर कोड तयार होतो. अ‍ॅप निदान तीन दिवसांतून एकदा इंटरनेटला जोडले गेले पाहिजे. घरातील सर्वांचे पास एकाच मोबाईलवर ठेवता येतात, त्यामुळे आईंच्या हाती वेगळा मोबाईल देण्याची गरज नाही. पण त्या मोबाईलचे चार्जिंग संपले तर सगळेच विनातिकीट. पॉवर बँक आणि कडक भाकरी-शेंगाचटणी, दोन्ही हाताशी असावीत.

विजापूर रोड

व्हिसाचा मुद्दा कोणी काढला नाही. शेंगेन, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या सामायिक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो ज्या देशात सर्वाधिक रात्री मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो. आपल्या आराखड्यात सात रात्री इटलीत आहेत, म्हणून इटली. स्वस्तातली रेल्वे तिकिटे बहुधा परत होत नाहीत, तर सुरू न केलेला युरेल पास, सवलत योजनेतला नसल्यास, काही कपात करून परत करता येतो. त्यामुळे अर्ज लवकर करावा, व्हिसा हाती आल्यावरच तिकिटे काढावीत आणि तरीही महिना-दीड महिना शिल्लक राहील असे पाहावे.

जुळे सोलापूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सात दिवसांच्या पासाचा विचार सोडून दिला आहे. रिगी आणि बोट आईला नक्की आवडेल, म्हणून चार दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास आणि बाकी सुटी तिकिटे असे ठरवतो आहे. गार्डसाहेब, एकच शंका आहे. इंटरलाकेनला चार रात्री म्हणजे येण्या-जाण्याचे धरून पाच दिवस होतात. मग चार दिवसांचा पास कोणत्या दिवसापासून सुरू करावा? आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे गाड्या कमीत कमी बदलाव्या लागतील असेही पाहायचे आहे.

निवृत्त गार्ड

पॅरिसहून निघण्याच्या दिवसापासूनच सुरू करावा. लिरियाचे तिकीट केवळ पॅरिस गार द ल्योन ते बाझल असे काढावे. हा प्रवास सुमारे तीन तासांचा आहे. त्या स्थानकात फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्यापूर्वी वीसेक मिनिटेच लागतो आणि दारे सुटण्याच्या दोन मिनिटे आधी बंद होतात, म्हणून आईंना घेऊन लवकर पोहोचावे. बाझलपासून पास लागू होतो. तेथून इंटरलाकेन पूर्व स्थानकापर्यंत थेट गाड्या आहेत आणि दोन तास लागतात. लिरियाला उशीर झाला तरी पास कोणत्याच गाडीला बांधलेला नसल्याने पुढची गाडी पकडावी. थेट नसलेल्या गाडीने गेल्यास बर्न येथे फलाट बदलावा लागेल, ते आईंसाठी टाळावे. अर्धा तास थांबणे परवडले.

त्या दिवसासह पुढचे तीन दिवस धरले की पास संपतो. पाचव्या दिवशी, म्हणजे निघताना, इंटरलाकेन ते मिलान असे सलग तिकीट आधीच काढून ठेवावे. श्पीत्स येथे एकदाच गाडी बदलून मिलानला जाणारी युरोसिटी पाहावी, आणि आरक्षण तिकिटात धरलेले आहे ना, तेही तपासावे. मिलानहून व्हेनिसची फ्रेच्चारोसा किमान एक तासाच्या अंतराने घ्यावी, कारण दोन तिकिटे वेगवेगळी असल्याने पहिली गाडी चुकली वा रखडली तर दुसरीचे पैसे बुडतात. मिलानो चेंत्राले स्थानकात फलाटांच्या तोंडाशी तिकीट तपासणारी फाटके आहेत, तेव्हा पुढच्या गाडीची चारही तिकिटे मोबाईलवर आधीच उघडून ठेवा.