लक्ष्मीपूजनाच्या रात्री पीएम २.५: फटाके थांबले तरी आकडा का उतरत नाही?

गच्चीवरचा सेन्सर (पुणे)
हवेतले कण मोजणारा पीएमएस ५००३ सेन्सर लावलाय. फटाके साडेदहाला थांबतात, पण पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रात्रभर वरच, पहाटे आणखी चढतो. ॲपवर एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) मात्र ‘मध्यम’. चूक कुणाची? आणि पावसाने हा धूर धुऊन जातो का?

धूरमापे
चूक कुणाचीच नाही. एक्यूआय २४ तासांच्या सरासरीवर निघतो. २१ तास पीएम २.५ घनमीटरमागे ४५ मायक्रोग्रॅम आणि ३ तास ३५० मायक्रोग्रॅम धरा: सरासरी ८३, म्हणजे ‘मध्यम’च (६१ ते ९०). त्या तीन तासांत श्वास घेणाऱ्याला सरासरीचा काय उपयोग? ताशी आकडे बघा.

आता रात्रीचं. दुपारी जमिनीलगतची हवा किलोमीटरभर उंचीपर्यंत घुसळते. सूर्य मावळला, आभाळ निरभ्र असलं, वारा पडला की जमीन झपाट्याने निवते, थंड हवा खाली बसते आणि वर उबदार हवेचं झाकण लागतं. मग धूर दोन-तीनशे मीटरच्या थरात कोंडतो. फटाके थांबले तरी झाकण तसंच. त्यात पाडव्याच्या अभ्यंगस्नानाचे फटाके आणि सकाळची वाहनं. ऊन तापून झाकण फुटेपर्यंत नऊ-दहा वाजतात.

म्हणून दिवाळी कधी येते हेही बघावं लागतं. २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. उशिराच्या दिवाळीत गार, कोरड्या रात्रींची शक्यता जास्त. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ग्रीन फटाक्यांनी धूर ३० टक्के घटला असं धरलं, तरी थर ४०० वरून २५० मीटरवर आला की धूर १.६ पट दाट होतो: ०.७ × १.६ = १.१, म्हणजे आधीपेक्षा जास्तच. बचत गेली!

रिमझिम
पावसाबद्दल: थेंब धुळीचे जाड कण चांगले खाली आणतात. फटाक्यांच्या धुरातले बरेच कण ०.१ ते १ मायक्रॉनचे, ते थेंबाभोवतीच्या हवेबरोबर बाजूने निसटतात. भुरभुर पावसाने फारसा फरक पडत नाही; जोरदार सर बराच वेळ टिकली तर पडतो. पावसाआधी सुटणारा वारा अनेकदा जास्त काम करतो, श्रेय मात्र पावसाला.

धूरमापे
सेन्सरचंही एक आहे. धुरातले पोटॅशियमचे क्षार दमट हवेत पाणी शोषून फुगतात, आणि हा सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो. आर्द्रता ८० टक्क्यांपुढे गेली की आकडा फुगलेला समजा. सरकारी केंद्रातल्या बीटा यंत्रात (बीटा किरणांनी कण मोजणाऱ्या) हवा आधी तापवून घेतात. सेन्सरशेजारी आर्द्रतामापक लावा.

गच्चीवरचा सेन्सर (पुणे)
मग खिडक्या कधी उघडायच्या?

रिमझिम
संध्याकाळी सात वाजता बंद, सकाळी दहानंतर ताशी आकडा उतरताना दिसला की उघडा. १२ × १२ फुटी, १० फूट उंच खोली म्हणजे सुमारे ४१ घनमीटर. तासाला पाचदा हवा गाळायची तर प्युरिफायरचा सीएडीआर (तासाला किती स्वच्छ हवा देतो तो आकडा) २०५ घनमीटर प्रति तास लागेल. हा आकडा बहुधा सर्वांत वेगवान पंख्यावरचा असतो, झोपताना मंद ठेवलात तर तेवढा मिळणार नाही. आणि उदबत्ती बाहेर लावा, बंद खोलीत हवा बिघडवायला तीही पुरते.