अनुभव धागा : पहिल्या घोटाला न आवडलेली व्हिस्की

सांजवारा
काल कपाट आवरताना खणाच्या तळाशी एक बूच सापडलं. बाटली केव्हाच गेली, बूच तेवढं राहिलेलं. सहज नाकाशी धरलं आणि काम तिथेच थांबलं. धूर. ओली माती, खारा वारा, थोडं आयोडिन. लागावुलिन १६, म्हणजे सोळा वर्षं मुरलेली स्कॉच. मामाची.

त्याच्याकडे ती पहिल्यांदा प्यायले तेव्हा मी तोंड वाकडं करून म्हटलं होतं, "मामा, याला दवाखान्याचा वास येतोय." तो रागावला नाही. तीन ग्लास मांडले. एकात आयरिश, एकात बर्बन म्हणजे अमेरिकन मक्याची, तिसऱ्यात ही. म्हणाला, "शेजारी दुसरी असल्याशिवाय पहिली कळत नाही." आधी नुसता वास घ्यायचा, तोही तोंड किंचित उघडं ठेवून, म्हणजे अल्कोहोल नाकात झोंबत नाही. मग छोटा घोट. मग चमच्याने दोन थेंब पाणी आणि पुन्हा वास. आयरिश तीनदा गाळलेली, त्यामुळे एकदम गुळगुळीत. बर्बनमध्ये व्हॅनिला. आणि त्या दोघींनंतर धुराच्या मागे लपलेला गोडवा मला पहिल्यांदा सापडला. हा धूर येतो जवापासून. मोड आणलेले जव वाळवताना खाली पीट जाळतात, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबलेला पालापाचोळा. तो धूर दाण्यात बसतो तो शेवटपर्यंत जात नाही. बुचातूनही गेला नाही.

मामाला जाऊन सहा वर्षं झाली. आम्ही चौघं अजून त्याच पद्धतीने चाखतो. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळायचं, एकाने ओतायचं, बाकीच्यांनी आकडे लिहायचे. गेल्या वेळी १८ वर्षांची सगळ्यांच्या यादीत शेवटी आली आणि शेरीच्या (स्पॅनिश वाईनच्या) पिंपातली १२ वर्षांची पहिली. मी पैज लावली असती की तीच जुनी.

तुमचं सांगा. कुठली आधी नको वाटली आणि मग आवडली? कॉकटेलवालेही या.

लिंबूटिंबू
स्कॉटलंडच्या आयला बेटाची ना ही? नाव खरंच आयला असंच उच्चारतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं सांगणारा वैतागलाय 😄

टिकलू
आयला!

पिंपळपान
सांजवारा, फार छान लिहिलंय. मामांना नमस्कार.

मी बर्बनवाला. मका किमान ५१ टक्के आणि पिंप कोरं, आतून जाळलेलं, हे तिथल्या कायद्यात आहे. व्हॅनिला, कॅरॅमल सगळं त्या जळक्या लाकडातून येतं. एकदा वापरलेलं पिंप त्यांना बर्बनसाठी परत चालत नाही, मग ती पिंपं जहाजात चढतात आणि स्कॉटलंडला जातात. बहुतेक स्कॉच अशाच जुन्या पिंपांत मुरते. म्हणजे तुमच्या तीन ग्लासांतले दोन एकमेकांचे नातेवाईक असू शकतात.

मला आधी नको वाटलेली म्हणजे राय, राय धान्याची व्हिस्की. तिखट, जिभेला टोचणारी. आता मॅनहॅटन (व्हिस्की आणि व्हर्मूथचं कॉकटेल) करायचं तर दुसरं काही घेत नाही.

उंबरठा
वाचतेय. स्वयंपाक चालू आहे, रात्री लिहिते.

धुकं
१८ वाली शेवटी आली याचं नवल नाही. बाटलीवरचा आकडा आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो, चवीचा नाही. लाकडात फार राहिली की लाकूडच बोलायला लागतं. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. उष्ण हवेत हा वाटा बराच मोठा आणि मुरणंही भराभर. म्हणून तैवानच्या कावालानसारख्या व्हिस्कीवर बहुधा वयच लिहिलेलं नसतं आणि तरी ती कोवळी लागत नाही.

बाटलीत मात्र वय वाढत नाही. माझ्या सासऱ्यांनी एक बाटली २५ वर्षं जपली, "मुरतेय" म्हणून. आडवी ठेवलेली. बूच विरघळून चुरा आत. वाईनची सवय व्हिस्कीला लावली. त्यांना इतकं वाईट वाटलं की आम्ही कापडाने गाळून सगळ्यांनी घेतली आणि चांगली आहे म्हणालो. आणि बुचाची चव सोडली तर खरंच चांगली होती. उभी ठेवा रे सगळे.

टिकलू
सासऱ्यांसाठी गाळून प्यायलात, हे फार आवडलं धुकं.

खारूताई
मी ओल्ड फॅशन्ड या कॉकटेलपासून सुरू केलं, नीट म्हणजे काही न मिसळता वगैरे नंतर. साखरेचा क्यूब, त्यावर अँगोस्टुरा बिटर्सचे दोन-तीन फटकारे, अगदी थोडं पाणी, चुरायचं, व्हिस्की ६० मिली, बर्फ, ढवळायचं. वरून संत्र्याच्या सालीचं तेल पिळायचं. बास. १८०६ साली एका अमेरिकन वर्तमानपत्रात कॉकटेल म्हणजे काय ते छापलं होतं: दारू, साखर, पाणी, बिटर्स. म्हणजे हाच ग्लास.

पण धाग्यावरचं उत्तर असं की मी एकदा दोन ग्लास शेजारी केले, एक बर्बनचा, एक रायचा, बाकी सगळं मोजून सारखं. बर्बनवाला पहिल्या दोन घोटांत जिंकला आणि अर्ध्यावर कंटाळा आणला, कारण साखरेवर अजून गोड. रायवाला शेवटपर्यंत ताजा. तेव्हापासून बर्बन घेतलं तर साखर अर्धी करते.

आणि बर्फ मोठा घ्या प्लीज. एक मोठा खडा हळू विरघळतो. चुऱ्यात पाच मिनिटांत सरबत.

लिंबूटिंबू
बिटर्स म्हणजे नक्की काय? कोकम सरबतात घातलं तर चालेल का 😀

खारूताई
कडू मसाल्यांचा अर्क. अँगोस्टुरा तर औषध म्हणूनच सुरू झालं, १८२४ साली एका जर्मन डॉक्टरने व्हेनेझुएलात केलं. स्वयंपाकात मीठ तसं समज. सरबताचं करून बघ आणि कळव.

निवांत
मी बारा महिने झाले पीत नाहीये, औषधं चालू आहेत आणि डॉक्टरांनी थेंबही नको म्हणून सांगितलंय. पण बैठकीला जातो. माझं काम ओतायचं आणि वास घ्यायचा. सुरुवातीला वाईट वाटायचं. आता खरं सांगतो, माझं नाक या वर्षात जितकं तयार झालं तितकं आधीच्या दहा वर्षांत झालं नाही. कंपन्यांचे ब्लेंडरही बहुतेक काम नाकानेच करतात, व्हिस्कीत पाणी घालून ती २० टक्क्यांच्या आसपास आणतात आणि हुंगतात. दिवसभर पिऊन कोण काम करेल!

सांजवारा, तुमच्या बुचाचं वाचून गलबलून आलं. माझ्याकडेही रिकाम्या बाटल्या आहेत. टाकवत नाहीत.

पिंपळपान
निवांतदादा, काळजी घ्या. गुण येतोय ना?

निवांत
हो, हळूहळू. रिपोर्ट बरे आहेत.

सांजवारा
निवांत, लवकर बरे व्हा. आणि नाक असंच चालू ठेवा.

चांदणचुरा
व्हिस्की सावर. अंड्याचा पांढरा घालून. शेकर बंद केला, बर्फाशिवाय हलवायला लागले आणि झाकण उडून सगळं छताला. भिंतीवरच्या घड्याळात अजून थोडा फेस आहे. नंतर कळलं, बर्फ असला की आतली हवा गार होऊन आकसते आणि झाकण घट्ट बसतं. बिनबर्फाचं हलवताना ती ओढ नसते, वर फेसाचा दाब. दोन्ही हातांनी दाबून धरायचं!! आता जमतं. ६० बर्बन, २२ लिंबू, २२ साखरेचा पाक, आधी कोरडं हलवायचं, मग बर्फ घालून. फेस सायीसारखा येतो. ज्यांना अंडं नको त्यांनी छोले शिजवलेलं पाणी घ्या, तोही फेस धरतो.

टिकलू
घड्याळ चालू आहे का पण

चांदणचुरा
चालू आहे. पाच मिनिटं मागे 😂

कातरवेळ
सोडा घालणाऱ्यांना इथे जागा आहे का? मला नीट जमतच नाही, घसा जळतो. मी जपानी पद्धतीने करते: उंच ग्लास, काठोकाठ बर्फ, व्हिस्की ओतून ढवळून गार करायची, मग थंडगार सोडा कडेने, तिप्पट-चौपट. आणि चमचा फक्त एकदा वर आणायचा, बुडबुडे मारायचे नाहीत. हायबॉल. मैत्रीण म्हणते, चांगल्या व्हिस्कीचं वाटोळं.

धुकं
अजिबात वाटोळं नाही. जपानमध्ये ती रोजची पद्धत आहे. तिकडच्या व्हिस्कीची गोष्टही सुंदर आहे. मासाताका ताकेत्सुरू १९१८ साली स्कॉटलंडला शिकायला गेले, तिथल्या रिटा कोवनशी लग्न करून १९२० मध्ये परतले. यामाझाकीची भट्टी उभी करण्यात ते होते, मग १९३४ मध्ये योइचीत स्वतःची काढली, थंड हवा आणि समुद्र स्कॉटलंडसारखा म्हणून. रिटा शेवटपर्यंत जपानमध्येच राहिली, दुसऱ्या महायुद्धातही, जेव्हा तिच्याकडे संशयाने बघायचे. मला योइचीचा धूर चाखताना दर वेळी तिची आठवण येते.

कातरवेळ
हे माहीत नव्हतं. आता मैत्रिणीला वाचायला देते.

उंबरठा
आले. दुपारपासून डोक्यात आहे, लिहूनच टाकते.

मॅनहॅटन मला दोन वर्षं आवडत नव्हतं. आंबूस, शिळं लागायचं. मी व्हिस्की बदलली, चेरी बदलली, प्रमाण दोनास एकवरून तीनास एक केलं. नवऱ्याने एक दिवस त्यात घालायचं व्हर्मूथच हुंगून बघितलं. अहो ते वाईनच असतं! उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवायचं आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवायचं. आमचं शेल्फवर दीड वर्ष. नवी छोटी बाटली आणली आणि पहिल्याच घोटाला गप्प झाले. तीच राय, तेच हात. दोष कुठल्याच व्हिस्कीचा नव्हता.

त्याच व्हर्मूथमध्ये बर्बन आणि कँपारी (कडू इटालियन लिकर) घालून बुलव्हार्डिए पण करते. जिनच्या नेग्रोनीचा भाऊ. थंडीत फार छान.

पिंपळपान
+१ व्हर्मूथ फ्रीजमध्ये. आणि राय घेतल्याबद्दल आणखी एक +१.

दशमी
एक शंका. दोन थेंब पाण्याने खरंच फरक पडतो की मनाचे खेळ?

निवांत
पडतो. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी संगणकावर मांडून दाखवलं होतं. ग्वायकॉल म्हणून एक रेणू आहे, धुराच्या चवीतला. अल्कोहोल जास्त असलं की तो आत दडून राहतो, पाणी घालून कमी केलं की वर पृष्ठभागाशी येतो. म्हणजे थेट नाकाखाली. घरी कळायला सोपं: एकाच व्हिस्कीचे दोन ग्लास, एकात अर्धा चमचा पाणी. डोळे मिटून कुणाला तरी अदलाबदल करायला सांगा. पिंपातून थेट भरलेली ५५-६० टक्क्यांची असेल तर फरक ओरडून सांगते. ४० वाली असेल तर बेतानेच घाला, लवकर पातळ होते.

दशमी
धन्यवाद दादा. शनिवारी करून बघतो.

चांदणचुरा
सांजवारा, तुम्ही पेनिसिलिन नावाचं कॉकटेल करून बघितलंय का? धूर आवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी ते आहे असं माझं मत. न्यूयॉर्कच्या मिल्क अँड हनी बारमध्ये सॅम रॉसने २००५ च्या सुमारास केलेलं. साधी ब्लेंडेड स्कॉच ६०, लिंबू २२, आलं घातलेला मधाचा पाक २२, हलवायचं, गाळायचं. आणि वरून चमच्याच्या पाठीवरून आयलाची कुठलीही धुरकट, ७ मिली, तरंगत. ढवळायचं नाही. नाकाला धूर आणि जिभेला आलं-मध.

सांजवारा
ऐकलंय, केलं नव्हतं. आज करते.

सांजवारा
केलं! आईला दिलं. ती आयुष्यभर मामाला म्हणायची, "त्या धुराच्या बाटल्या माझ्या घरात आणू नकोस." ग्लास नाकाशी नेला आणि थांबली. म्हणाली, "हा दादाच्या खोलीचा वास." मग प्यायली, हळूहळू, सगळं. आम्ही फार काही बोललो नाही. शेवटी विचारलं, "आलं कुठलं घातलंस?"

उंबरठा
❤️

निवांत
❤️ वाचून थांबलो जरा.

लिंबूटिंबू
आईंना माझा नमस्कार सांगा. आणि मधाचा पाक कसा केला? आलं किसून की तुकडे?

सांजवारा
सांगते हो. मध आणि पाणी समसमान, चकत्या घालून पाच मिनिटं उकळलं, झाकून गार केलं, गाळलं. किसलं तर गढूळ होईल असं वाटलं.

चांदणचुरा
चकत्याच बरोबर. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो.

खारूताई
आमच्याकडे दोन दिवस. मुलं सोड्यात घालून संपवतात.