वाकटी चीनला: एकाच ग्रेडला दोन दर का?

मिऱ्या_बंदर:
आमच्या फॅक्टरीतून ३००–५०० ग्रॅमची गोठवलेली वाकटी (पट्ट्यासारखा लांब चंदेरी मासा) चीनला जाते. ग्रेड तोच, वजन बरोबर, तरी एका लॉटला चांगला दर मिळतो आणि दुसऱ्याला खरेदीदार पाडून मागतो. कारण एकच, 'चकाकी कमी'. सुधारणा बोटीवर करायची की फॅक्टरीत? शिवाय नवीन कार्टन छापायचे आहेत, त्यावर काय काय हवं?

बर्फखाना:
बोटीवर. गेलेली चकाकी फॅक्टरीत परत येत नाही. वाकटीला खवले नसतात, वरचा चंदेरी थर नुसतं बोट घासलं तरी निघतो. चीनमध्ये हा मासा सालीसकट तुकडे करून तळतात, नाहीतर सोया सॉसमध्ये शिजवतात. त्यामुळे खरचटलेलं अंग थेट कढईत दिसतं, आणि गिऱ्हाईक तुलना करतं ती झोउशानच्या (चीनच्या पूर्व किनाऱ्यावरची बेटं) वाकटीशी.

तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) सांगा, जाळ्याची ओढ लांबवू नका. जाळ्याच्या पिशवीत मासा माशावर घासतो. फावडं अजिबात नको, माल क्रेटमध्येच भरा. बोटीच्या खणात ढीग घातला की खालचा थर चेपलाच. बर्फ बारीक फोडलेला आणि किलोला किलो हवा. वाकटी अधाशी असते. पोटात ताजी शिकार असली आणि बर्फ कमी पडला, तर पाचकरस पोटाची भिंतच खातात आणि पोट फुटतं.

फॅक्टरीत एवढंच पाहा: गाभा उणे १८ अंशांवर आल्याशिवाय माशांचा गोठवलेला ब्लॉक प्लेट फ्रीझरमधून (दोन थंड पत्र्यांमध्ये दाबून गोठवणारं यंत्र) काढू नका.

मिऱ्या_बंदर:
साठवणुकीत पोटाकडे पिवळेपणा येतो. ग्लेझ (माशावरचा बर्फाचा पातळ थर) जाड केलं तर थांबेल का?

बर्फखाना:
हवा लागून चरबी खवट होते, तोच हा पिवळेपणा. ग्लेझ जाड असण्यापेक्षा सलग असणं महत्त्वाचं. कोपरा उघडा राहिला की तिथूनच सुरुवात होते. कोल्ड स्टोरेजचं तापमान खालीवर झालं तर चांगलं ग्लेझही उडून जातं. निव्वळ वजन ग्लेझ वगळूनच लिहा.

दर्याभाव:
दराला हंगामाचंही कारण असतं. पूर्व चीन समुद्रातली मासेमारी बंदी १ मेला सुरू होते आणि बोटीच्या प्रकाराप्रमाणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उठते. त्यानंतर त्यांचाच ताजा माल बाजारात येतो. चिनी नववर्षाची मागणी धरायची तर माल सणाच्या निदान महिनाभर आधी तिथल्या बंदरात हवा.

उरण_सीएचए:
कार्टनबद्दल. चिनी सीमाशुल्क खात्याचे २४८ आणि २४९ क्रमांकांचे आदेश १ जानेवारी २०२२ला लागू झाले. २४९ प्रमाणे आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही पॅकिंगवर चिनी व इंग्रजीत पुढचा मजकूर हवा: व्यापारी नाव आणि शास्त्रीय नाव (ट्रायकियुरस लेप्ट्युरस), ग्रेड, उत्पादनाची तारीख, बॅच, टिकण्याची मुदत, साठवणुकीचं तापमान, 'समुद्रातून पकडलेला', पकडल्याचं समुद्रक्षेत्र, फॅक्टरीचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, आणि गंतव्यस्थान चीनचे जनवादी प्रजासत्ताक. माल दुसऱ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवत असाल तर त्याचंही नाव आणि क्रमांक छापावा लागतो, हे बऱ्याचदा राहून जातं. हेल्थ सर्टिफिकेटवरची अक्षरं आणि आकडे कार्टनशी तंतोतंत जुळवून घ्या.

छपाईआधी फॅक्टरीच्या चीनकडच्या नोंदणीची मुदत बघा. २४८ मध्ये (तो आदेश ३१ मे २०२६पर्यंतचा) ती पाच वर्षांची होती आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा ते तीन महिने आधी करायचा होता. त्यात फॅक्टरीची जागा किंवा कायदेशीर प्रतिनिधी बदलला तर जुना क्रमांक रद्द व्हायचा, मग छापलेले सगळे कार्टन वाया.