वेर्ण्याला सहा महिन्यांचं ट्रेनिंग, गोव्यात राहायची स्वस्त सोय कुठं बघावी?

दौलतगंज_फार्मसी
नमस्कार मंडळी. एम.फार्म.चं शेवटचं वर्ष आहे. १ जुलै ते ३० डिसेंबर गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत ट्रेनिंग मिळालंय. राहायची सोय कंपनी देत नाही. राहणं, येणं-जाणं आणि जेवण मिळून महिन्याला १४,००० च्या वर जाता कामा नये. मुलगी आहे, एकटी राहणार, शाकाहारी.

फोनवरून तीन ठिकाणं कळली आहेत. कोलव्याला समुद्राजवळ खोली ७,०००, लाइट वेगळी. नुव्याला एका घराच्या वरच्या मजल्यावर ८,०००. मडगावला फातोर्ड्यात मुलींचं पीजी, दोघींत एक खोली, दोन वेळच्या जेवणासह ११,०००. कोलव्याचे मालक म्हणतात, दोन महिन्यांचं डिपॉझिट आजच पाठवा, नाहीतर खोली जाईल. नकाशावर कोलवा जवळ दिसतं. काय करावं? आणि ग्वाल्हेरहून जायला कोणती गाडी बरी?

मडगावात_ग्वाल्हेरकर
ताई, डिपॉझिट आज पाठवू नका. बाकीचं सावकाश ठरवता येईल.

सगळ्यात आधी कंपनीच्या एचआरला तीन गोष्टी विचारा: स्टाफ बस कुठून सुटते, ट्रेनीला तिच्यात बसू देतात का, आणि तुमची ड्यूटी जनरल की शिफ्टमध्ये. वेर्ण्यातल्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या बसेस मडगाव, वास्को, पणजी आणि फोंड्याहून येतात. बस मिळाली की जाण्या-येण्याचा खर्च जवळजवळ संपतो. मग खोली बसच्या थांब्यापासून चालत दहा मिनिटांत शोधायची, समुद्र किती लांब हे बघायचंच नाही.

बस नसेल तर वास्को–मडगाव हा रस्ता धरा. या मार्गावरच्या बसेस चिखली, दाबोळी, झुआरीनगर, बिर्ला, वेर्णा, नुवे अशा जातात, त्यामुळे या पट्ट्यात कुठंही राहिलात तरी एका बसमध्ये काम होतं. कोलव्याहून आधी मडगाव, तिथून दुसरी बस. म्हणजे रोज चार तिकिटं, आणि पावसात दोन ठिकाणी उभं राहणं. शिवाय वसाहत पठारावर पसरलेली आहे. हायवेच्या थांब्यापासून आतल्या प्लॉटपर्यंत दोन-तीन किलोमीटरही असू शकतात, म्हणून कंपनी कुठल्या फेजमध्ये आहे ते आधी विचारून ठेवा. संध्याकाळी आठनंतर खासगी बसेस फार कमी होतात. सेकंड शिफ्ट लागली आणि कंपनीची बस नसली, तर नुवेसुद्धा लांब वाटेल.

मीटरची रिक्षा मिळेल असं धरून चालू नका. गोवा माइल्स हे टॅक्सीचं अ‍ॅप आहे, आणि पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकली म्हणजे ‘पायलट’, एका माणसासाठी त्या टॅक्सीपेक्षा स्वस्त. दोन्ही कधीमधी ठीक, रोज परवडत नाहीत.

छावणीकर
कोलव्याच्या खोलीत खरी मेख भाड्याची नाही, ऑक्टोबरची आहे.

किनाऱ्यालगतच्या खोल्या जून ते सप्टेंबर रिकाम्या असतात, म्हणून महिन्याच्या भाड्यानं स्वस्त मिळतात. ऑक्टोबरपासून पर्यटक यायला लागतात आणि तीच खोली रोजाच्या भाड्यावर जाते. नाताळ आणि नवीन वर्षाच्या आठवड्यात तर विचारूच नका. तुमचं ट्रेनिंग बरोबर या दोन्हींत अडकलंय. मालक फोनवर ‘सहा महिने’ म्हणाला तरी कागदावर लिहून घ्या की ३१ डिसेंबरपर्यंत भाडं तेच राहील आणि मधे खोली सोडायला सांगणार नाही. हे लिहायला तो का-कू करू लागला, तर खोली तीनच महिन्यांची समजा.

नुव्याला किंवा फातोर्ड्याला ही भानगड कमी, कारण तिथले भाडेकरू नोकरीवालेच जास्त.

सुमेधा_लष्कर
छावणीकर काका, पण पहिले तीन महिने माजोर्डा किंवा बेताळभाटीला स्वस्तात काढून मग मडगावला गेलं तर? दोन्ही गावं वेर्ण्याला कोलव्यापेक्षा जवळ पडतात.

छावणीकर
स्कूटर असेल तरच. नाहीतर दोन डिपॉझिटं, दोनदा दलाली आणि ऐन ट्रेनिंगमध्ये सामान हलवणं, यात वाचलेले पैसे जातात. शिवाय पहिलं डिपॉझिट हातात पडायच्या आधी दुसरं भरावं लागतं.

ताईंचे आकडे मांडून बघा. नुव्याचे ८,००० अधिक लाइट, अधिक डबा, अधिक बस: १४,००० ला टेकतंच. फातोर्ड्याचे ११,००० जेवणासकट आहेत, म्हणजे दुपारचा खर्च आणि बस मिळून ३,००० उरतात. कंपनीत कँटीन असेल तर त्यातूनही शिल्लक राहील. एकट्या मुलीला पहिल्यांदा गावात जाताना मी पीजीच सांगेन. मात्र तिथं फाटक रात्री किती वाजता बंद होतं ते शिफ्टशी ताडून बघा, आणि डबा रविवारी असतो का तेही.

जेवणाबद्दल एक. ‘शिवराक’ म्हणजे शाकाहारी, हा शब्द डब्यावाल्याला सांगा आणि पोळ्या किती हे आधी ठरवा. तिथं भात मुख्य, तोही पुष्कळदा उकड्या तांदळाचा. आपल्याकडच्या पोळीच्या सवयीला ते पहिल्या आठवड्यात जड जातं.

मडगावात_ग्वाल्हेरकर
खोली बघताना काय तपासायचं ते लिहितो, कारण जुलैत सगळ्यात जास्त फसगत पावसामुळं होते.

कपाट भिंतीपासून सरकवून मागची भिंत बघा, गादी उलटून खालची बाजू बघा. काळे ठिपके म्हणजे बुरशी. रंग नवीन असेल तर जास्तच बारकाईनं बघा. तळमजल्याची जांभ्या दगडाची खोली उन्हाळ्यात छान थंड, पण पावसाळ्यात ओल धरते. सगळ्यात वरच्या मजल्यावर स्लॅब गळतो का ते छताच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या डागांवरून कळतं. बरं म्हणजे मधला मजला, दोन बाजूंना खिडक्या, आणि कपडे वाळवायला छपराखालची जागा. कपडे दोन-तीन दिवस वाळत नाहीत, चामड्याच्या चपलांवर बुरशी येते. कॉटनचे जाड कपडे कमी न्या.

लाइटसाठी वेगळा सबमीटर आहे का, युनिटला किती लावणार, आणि वीज खात्याचं मागचं बिल दाखवणार का, हे तिन्ही विचारा. पहिल्या दिवशी मीटरचा फोटो काढा, भिंतींचे, गादीचे, नळांचेही काढा आणि मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. डिपॉझिटमधून ‘रंगाचे पैसे’ कापायची वेळ आली की हेच कामाला येतात.

आता पैसे. आधी चार रात्रींचं लॉज किंवा डॉर्मिटरी घ्या आणि जागा डोळ्यांनी बघून डिपॉझिट द्या. मडगाव स्टेशनच्या रिटायरिंग रूम ऑनलाइन बुक होतात, पर्यटन महामंडळाची निवासं मडगावला आणि वास्कोला आहेत. शनिवार-रविवारी दर चढतात, म्हणून सोमवारी पोचावं. आणि कोणी ‘क्यूआर स्कॅन करून पिन टाका, तुम्हाला पैसे परत येतील’ म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही.

भाडेकरूची पोलिस पडताळणी करून घ्यावी लागते, तो फॉर्म मालक भरतो. फोटो, मास्क्ड आधार (नंबराचे पहिले आठ आकडे झाकलेलं) आणि कंपनीचं जॉइनिंग पत्र यांच्या दोन-दोन प्रती बरोबर ठेवा. फॉर्म भरायला टाळणारा मालक बहुतेक वेळा करारही देत नाही. तिथं राहू नका.

दौलतगंज_फार्मसी
खूप आभार. एचआरला मेल टाकलाय. कोलव्यावाल्यांना नाही कळवते. स्कूटर इथून न्यावी का? आणि गाडीचं राहिलंच.

रेल्वे_कॉलनी
गाडीचं मी सांगतो. गोवा एक्सप्रेस (१२७८०) ग्वाल्हेरला संध्याकाळी मिळते आणि तिसऱ्या दिवशी मडगाव करून वास्कोला पोचते. ती पुणे, मिरज, लोंढ्यावरून जाते. दुसरी मंगला एक्सप्रेस (१२६१८), ती पनवेल, रत्नागिरीवरून मडगावला जाते, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं, संथ असतं. जुलैला मी गोवा एक्सप्रेस घेईन. घाटात दरडी दोन्हीकडे पडू शकतात, तेव्हा जॉइनिंगच्या आदल्या दिवशी पोचायचं ठेवू नका.

स्कूटर पार्सल ऑफिसमधून जाते. आरसीची प्रत, ओळखपत्र, पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी, हेडलाइट आणि आरशांना पुठ्ठा, वरून गोणपाट. तिकिटावर ‘लगेज’ म्हणून बुक केली तर त्याच गाडीनं जायची शक्यता जास्त, ‘पार्सल’ स्वस्त पण मागाहून येते. मध्य प्रदेशचा नंबर १२ महिन्यांपर्यंत दुसऱ्या राज्यात चालतो, सहा महिन्यांना अडचण नाही. विमा आणि पीयूसी मात्र डिसेंबरपर्यंत चालू हवं. कंपनीची बस मिळाली तर स्कूटर नेऊच नका. लागलीच तर तिथं भाड्यानं घ्या, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं देणं बेकायदा आहे, पोलिस थांबवतात.

परतीचं तिकीट विसराल म्हणून आत्ताच सांगतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ३० डिसेंबरचं तिकीट ३१ ऑक्टोबरला सकाळी आठला. त्या आठवड्यात गोव्याच्या गाड्यांना लगेच वेटिंग लागतं, फोनवर गजर लावून बसा.